लेदरची कड आणि हाताची शिवण: कापण्यापासून मेण लावेपर्यंत

हाताने बनवलेलं पाकीट कोणाच्या हातात दिलं की त्याचा अंगठा आपोआप कडेवरून फिरतो, आणि मग तो माणूस ते उलटं करून मागचे टाके बघतो. चामडं किती महागाचं आहे हे बहुतेकांना कळत नाही, पण कड खरखरीत लागली किंवा टाके मागून वाकडे दिसले तर ते कोणालाही कळतं. आणि नेमका याच दोन गोष्टींना नवीन शिकणारे सगळ्यात कमी वेळ देतात, कारण तोपर्यंत वस्तू जवळजवळ तयार झालेली असते आणि कधी एकदा खिशात टाकतोय असं झालेलं असतं. म्हणून इथे फक्त कड आणि शिवण, बाकी डिझाईन, रंग, कोरीवकाम वगैरे काही नाही. डोळ्यासमोर दोन वस्तू ठेवा, एक साधं कार्ड होल्डर ज्याला १.२ मिमीचे दोन-तीन थर असतात, आणि एक ३.५ मिमीचा एकेरी बेल्ट. या दोन्हींत जे लागतं ते बाकी सगळीकडे चालतं.

आधीच एक सांगून ठेवतो, या कामात बिघाड दिसतो एका पायरीवर आणि झालेला असतो तिच्या आधीच्या पायरीवर. कडेत थरांमध्ये फट दिसतेय, तर ती चिकटवताना राहिलेली असते. टाका वाकडा आलाय कारण भोक वाकडं पडलंय, आणि भोक वाकडं पडलंय कारण रेष नीट आखली नव्हती. त्यामुळे कड बिघडली की अजून घासत बसण्यापेक्षा एक पायरी मागे जाऊन बघायची सवय लावा.

चामडं कोणतं आहे ते आधी बघा

कड कशी करायची हे कातडं कशात कमावलंय त्यावर ठरतं. झाडाच्या साली, फळं, लाकूड यातल्या टॅनिनने कमावलेलं ते व्हेज टॅन. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तमिळनाडूत ईस्ट इंडिया लेदरसाठी तरवडाची साल वापरायची जुनी पद्धत आहे, इटलीत चेस्टनट आणि मिमोसा चालतं, झाड बदलतं पण काम टॅनिनच करतं. याला जुन्या पद्धतीने काही आठवडे तरी लागतात. दुसरं क्रोम टॅन, ते क्रोमियमच्या क्षारात साधारण दिवसाभरात होतं, मऊ असतं, आणि बाजारातल्या बहुतेक हँडबॅगा, जॅकेटं, सोफे याच्यातले असतात.

व्हेज टॅनच्या कडेला थोडं पाणी लावून लाकडाने घासलं की तंतू दबतात, एकमेकांत बसतात आणि कड घट्ट, चकचकीत होते, याला बर्निशिंग म्हणतात. क्रोमचे तंतू असे बसत नाहीत, कितीही घासा ते परत फुलतात, तिथे एज पेंट लावणे किंवा कड दुमडणे हे दोनच मार्ग चांगले. यूट्यूबवर बघून लोक क्रोमच्या तुकड्यावर तासभर लाकूड घासत बसतात आणि मग आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं कारण चूक त्यांच्या हातांची नसतेच.

धारावीच्या दुकानात किंवा ऑनलाइन कुठूनही घ्या, आधी एक छोटा तुकडा मागून बघा. नख दाबलं तर व्हेज टॅनवर खूण राहते, न रंगवलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो आत जातो आणि तिथे गडद डाग दिसतो. कापलेल्या कडेकडे बघा, मधला भाग निळसर राखाडी असेल तर क्रोम. म्हशीचं कातडं आपल्याकडे भरपूर मिळतं आणि मजबूत असतं पण त्याचा पोत गाईच्या कातड्यापेक्षा भरड असतो, त्यामुळे त्याच्या कडेला एकदोन फेऱ्या जास्त लागतात हे धरून चाला.

आणि व्हेज टॅन ओलं असताना त्यावर लोखंड ठेवू नका. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो, पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई बनवायचे ती याच कारणाने. ओल्या चामड्यावर साधी लोखंडी पट्टी किंवा हातोडी राहिली, अगदी फाईल घासल्याचा चुरा जरी पडला तरी काळेनिळे ठिपके येतात आणि ते पूर्ण जात नाहीत. पट्टी स्टेनलेसची घ्या आणि धार लावायची जागा वेगळी ठेवा.

कापणं

धारेबद्दल जितकं सांगावं तितकं कमी. बोथट ब्लेडने कापलं की चामडं आधी दबतं, मग फाटतं, आणि कड आतल्या बाजूला तिरकी होते. आपल्याकडचे कारागीर रापी वापरतात, ती रुंद पात्याची असते आणि त्याच एका हत्याराने कापणं आणि कड पातळ करणं दोन्ही होतं, पण ती हातात बसायला वेळ लागतो. सुरुवातीला जाड स्नॅप ब्लेड कटर चालेल, फक्त ब्लेडचा तुकडा मोडायला कंजुषी करू नका. रापी किंवा दुसरं कुठलंही कायमचं पातं असेल तर एका लाकडी पट्टीवर जुन्या चामड्याची पट्टी चिकटवा, त्यावर पॉलिशचं हिरवं कंपाउंड घासा, आणि काम करताना मधे मधे पातं त्यावर मागच्या मागे ओढत राहा.

पातं सरळ उभं धरा. स्टीलची पट्टी दाबून पहिला हात हलका, फक्त रेष पडण्यापुरता, दुसरा-तिसरा हात आरपार. बेल्टसारख्या जाड चामड्याला एका दमात कापायला गेलात तर पातं आत कलंडतं. गोल कोपऱ्यांसाठी नाणं ठेवून आरीच्या टोकाने रेष मारा, मग गोल कापायच्या भानगडीत न पडता सरळ सरळ छोटे काप घेत कोपरा गोल करत न्या, उरलेले कंगोरे सँडपेपर काढतो.

आतल्या कडा आधी

कार्ड होल्डरच्या खिशाची वरची कड, जिथून कार्ड आत जातं, ती एकदा चिकटवली आणि शिवली की तिथे ना बेव्हलर (कडेची टोकदार कोर काढायचं हत्यार) नीट पोचत ना लाकूड. म्हणून ज्या कडा नंतर दोन थरांच्या मधे जाणार आहेत त्या सगळ्या आधी पूर्ण संपवायच्या, अगदी मेणासकट. बाहेरची कड, जिथे सगळे थर एकत्र दिसतात, ती मात्र शिवून झाल्यावर. बेल्टला हा प्रश्न नाही, तरी बकलसाठी दुमडतो तो भाग आणि लूप आधी करून घ्या.

चिकटवणं

फेविकॉल एसआर किंवा तसलाच कुठलाही रबर बेसचा कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह. दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकट लागेनासा झाला की मगच जोडायचं, ओलं असताना जोडलं तर पकडत नाही. जिथे गुळगुळीत बाजूवर चिकटवायचंय तिथे कडेलगतची ४ मिमीची पट्टी सँडपेपरने खरवडून घ्या, नाहीतर थर नंतर सुटतो. याला वास असतो आणि त्यातलं सॉल्व्हंट डोक्यात जातं, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको.

गोंद अगदी कडेपर्यंत गेला पाहिजे. लोक कड घाण होईल म्हणून २ मिमी जागा सोडतात आणि मग तिथेच फट पडते, आणि ती फट पुढे घासून, रंगवून, कशानेही लपत नाही. कड घाण झाली तर झाली, ती नाहीतरी पुढे कापायचीच आहे. त्यासाठी एक थर सगळ्या बाजूंनी १-२ मिमी मोठा कापून ठेवा, चिकटवल्यावर दाबून, हातोडीने हलकेच ठोकून घ्या आणि मग दोन्ही थर एकत्र एकाच कापात बरोबरीला आणा. या एका युक्तीने घासायचं निम्मं काम वाचतं.

रेष आणि भोकं

शिवणीची रेष कडेपासून किती आत? पातळ वस्तूला ३ मिमी, बेल्टसारख्याला ४ ते ५ मिमी, साधारण जितकी जाडी तितकं अंतर असं धरलं तरी चालतं. विंग डिव्हायडर म्हणजे कंपासासारखं स्क्रूचं हत्यार, एक पाय कडेवरून चालवायचा आणि दुसरा चामड्यावर रेष ओढतो. ग्रूव्हर चामडं खणून चर पाडतो, त्यात धागा खाली बसतो आणि कमी झिजतो, बेल्टला ठीक आहे पण पातळ पाकिटाला ग्रूव्हर वापरू नका, उगाच जाडी कमी होते आणि वरचा मजबूत थरच कापला जातो.

भोकं पाडायला दोन प्रकारची हत्यारं मिळतात आणि दुकानदार दोन्हींना एकच नाव देतात. स्टिचिंग चिझल म्हणजे लांब दातांचं, ठोकलं की आरपार भोक. प्रिकिंग आयर्न म्हणजे फक्त खूण करायचं, मग प्रत्येक खुणेतून डायमंड आकाराची आरी हाताने आरपार घालायची. दुसऱ्या पद्धतीत मागची बाजू जास्त देखणी येते पण आरी सरळ घालणं हे वेगळं शिकावं लागतं. सुरुवात चिझलने करा. दातांमधलं अंतर ३, ३.८५, ४, ५ मिमी असं मिळतं, आणि धागा त्याप्रमाणे, म्हणजे ३ मिमीला ०.४५ ते ०.५५ मिमीचा, ४ मिमीला ०.६ ते ०.८, ५ मिमीला ०.८ ते १ मिमी. बारीक अंतराला जाड धागा घातला तर टाके एकमेकांवर चढतात आणि तिरकी रेष दिसतच नाही.

ठोकताना चिझल उभं आहे का हे दोन्ही बाजूंनी बघा, समोरून आणि बाजूने. बाजूने कललं तर मागची रेष कडेकडे सरकत जाते. हातोडा नायलॉनचा किंवा लाकडी मोगरी, लोखंडी हातोडीने चिझलचं डोकं पसरतं. खाली जाड कटिंग बोर्डचा तुकडा. पुढच्या वेळी ठोकताना पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवायचा म्हणजे अंतर आपोआप सारखं राहतं, आणि वळणावर दोन दातांचं चिझल वापरायचं.

शेवटचं भोक कोपऱ्यावर नेमकं येत नाही हे सगळ्यांचं दुखणं. त्यासाठी ठोकण्याआधी चिझल नुसतं दाबून खुणा करत शेवटपर्यंत जा, किती फरक येतोय बघा आणि तो शेवटच्या सहा-सात भोकांमधे थोडा थोडा वाटून टाका, ४ मिमीचं ३.८ झालं तर डोळ्याला कळत नाही पण शेवटचा एकच टाका २ मिमीचा आला तर तो रोज दिसतो. खिशाची कड जिथे येते तिथे एक भोक खिशाच्या कडेच्या अगदी बाहेर आणि पुढचं अगदी आत असं आलं पाहिजे, म्हणजे टाका कडेवरून जातो आणि ती जागा फाटत नाही. कडेवरच भोक पडलं तर ते काही दिवसात ओढून तुटतं.

सॅडल स्टिच

एकच धागा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनमधे वरचा धागा वर आणि खालचा खाली राहतो, चामड्याच्या आत ते फक्त एकमेकांना अडकवलेले असतात, म्हणून एक धागा झिजून तुटला की शिवण उसवत जाऊ शकते. सॅडल स्टिचमधे एका बाजूचा टाका तुटला तरी दुसरा धागा त्याच भोकांतून स्वतंत्र गेलेला असतो आणि धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर, लगाम अशा जिवावरच्या गोष्टींना ही शिवण आली ती उगाच नाही. आपल्या रस्त्यावरचे कारागीर दादा वेगळ्या पद्धतीने शिवतात, त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते, ती आरपार घालून पलीकडचा धागा खाचेत अडकवून वेढा वर ओढतात आणि त्या वेढ्यातून दुसरा धागा घालतात. रचना मशीनसारखी, पण धागा जाड, मेण लावलेला आणि प्रत्येक टाका हाताने आवळलेला, आणि बुटाच्या आत जिथे दुसरा हात पोचत नाही तिथे हीच पद्धत कामाची. ते काम करताना कधी थांबून बघा, आरी कुठल्या कोनात जाते ते बघण्यासारखं असतं.

धागा मेण लावलेला पॉलिस्टर घ्या, नवीन माणसाला तोच सोपा. लिननचा धागा दिसायला फार सुंदर पण त्याला मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्यावं लागतं. किती लांब घ्यायचा याचा हिशेब सोपा आहे. ४ मिमीच्या एका टाक्याला प्रत्येक सुईकडचा धागा ४ मिमी पुढे जातो आणि एकदा जाडी ओलांडतो, आणि असे दोन. जाडी ३ मिमी असेल तर एका टाक्याला १४ मिमी, म्हणजे शिवणीच्या साडेतीन पट. जाडी ६ मिमी असेल तर ५ पट. वर दोन्ही सुयांसाठी आणि पकडायला मिळून हातभर जास्त. मधेच धागा संपण्यापेक्षा थोडा वाया गेलेला बरा.

सुया बोथट टोकाच्या हव्यात, हार्नेस नीडल म्हणून मिळतात. नाही मिळाल्या तर साध्या जाड सुयांची टोकं सँडपेपरवर घासून बोथट करा. टोकदार सुई आधीच्या धाग्यात घुसते आणि मग तो टाका पुन्हा ओढता येत नाही. धागा नेढ्यातून ओवून साधारण ५ सेंमी बाहेर काढा, त्या शेपटीला सुईचं टोक दोन ठिकाणी टोचून पार करा, मग ते सगळं नेढ्यावरून मागे सरकवून ओढा, धागा सुईवर अडकतो आणि गाठीची गरज राहत नाही. वस्तू पकडायला स्टिचिंग पोनी असेल तर उत्तम, नसेल तर दोन लाकडी पट्ट्यांमधे धरून सी क्लॅम्प लावा. दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत एवढंच.

आता प्रत्यक्ष टाका. पहिल्या भोकातून धागा ओढून दोन्ही बाजूंना सारखी लांबी करा. दुसऱ्या भोकात आधी डावी सुई घाला, ती उजवीकडे बाहेर आली की धागा ओढून घ्या. मग उजवी सुई त्याच भोकात घालायची, आणि ती घालताना डावीकडून आलेला धागा मागे-पुढे हलवत राहायचा, हलत असेल तर सुई त्यात घुसलेली नाही हे कळतं. मग दोन्ही बाजूंनी एकदम, सारख्या ताकदीने ओढा. झालं. पुढचं भोक, परत आधी डावी, मग उजवी, आणि उजवी सुई आधीच्या धाग्याच्या कायम एकाच बाजूने. कधी वरून आणि कधी खालून गेली की टाके एक तिरका, एक सरळ असे येतात, आणि बहुतेकांची शिवण बिघडते ती इथेच. कोणत्या हाताने सुरू करताय याला फार महत्त्व नाही, शेवटपर्यंत तोच क्रम राहिला पाहिजे.

भोकं तिरकी असतात म्हणून पुढून टाके तिरके दिसतात. मागून बघितलं तर तीच भोकं उलट दिशेने कललेली असतात, त्यामुळे मागचे टाके सरळ पडायला बघतात. मागेही तिरके हवे असतील तर दुसरी सुई मागच्या बाजूने बाहेर आली की धागा तिच्या टोकावरून एकदा टाकायचा आणि मग ओढायचं, म्हणजे भोकात एक हलका पीळ बसतो आणि दोन्ही धागे भोकाच्या योग्य टोकांना सरकतात. हे वाचून कळत नाही, करूनच कळतं, म्हणून एक लाल आणि एक पांढरा धागा गाठ मारून जोडा, एका वाया गेलेल्या पट्टीवर शिवा, कोणता धागा कुठून जातोय आणि पीळ दिल्यावर काय बदलतंय ते डोळ्यांनी दिसेल. ही एक पट्टी कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते.

ताण किती द्यायचा तर टाका चामड्यात किंचित बसला पाहिजे. कडेला सुरकुत्या यायला लागल्या की जास्त ओढताय. पाकिटाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भोकात धागा कडेवरून दोनदा गुंडाळून घ्या, तिथेच सगळा ताण येतो. शेवट करताना दोन-तीन भोकं उलटं शिवत या, दोन्ही टोकं मागच्या बाजूला काढा. पॉलिस्टर असेल तर २ मिमी ठेवून कापा आणि लायटरच्या निळ्या ज्योतीने वितळवून दाबा, ज्योत चामड्याला लागू देऊ नका. लिनन वितळत नाही, तो अगदी जवळून कापून सुईच्या टोकाने पांढऱ्या फेविकॉलचा ठिपका भोकात सोडा. शेवटी सगळ्या शिवणीवर कागद ठेवून हातोडीने हलकं ठोका, टाके बसतात आणि भोकं मिटतात.

धाग्याशिवायची शिवणही आपल्याकडे आहेच. कोल्हापुरी चपलेच्या तळाचे थर जुन्या पद्धतीत खिळे न मारता कातड्याच्याच बारीक वादीने शिवतात, आणि कड रापीने तासून बरोबर करतात. जीआय मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे ८ जिल्हे आहेत. लेदरक्राफ्ट म्हणजे परदेशी छंद असं ज्यांना वाटतं त्यांनी एखादं चांगलं पायताण उलटं करून वादीचे टाके नीट बघावेत.

व्हेज टॅनची बाहेरची कड

शिवून झालं, आता सगळे थर एकत्र. आधी सँडपेपर २४० नंबर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, कड सपाट आणि गोंदाची रेष दिसेनाशी होईपर्यंत. बोटाने दाबून घासू नका, मऊ बोटाखाली कड खड्ड्याखड्ड्यांची होते. मग बेव्हलर, दोन्ही बाजूंची टोकदार कोर काढायला, पाकिटाला १ नंबर आणि बेल्टला २ किंवा ३, पण नंबर कंपनीप्रमाणे बदलतात त्यामुळे आधी तुकड्यावर बघा. एकाच लांब हाताने चालवा, मधे थांबलात की पायरी पडते. मग ४०० आणि ६०० नंबर, आता मात्र कागद बोटांत वाकवून धरायचा म्हणजे कडेला गोलाई येते.

कड रंगवायची असेल तर आत्ता, एकदा गोंदासारखं काही लागलं की रंग आत जात नाही. कापसाच्या काडीने थोडा थोडा रंग, जास्त घेतलात तर वरच्या बाजूला पसरतो आणि तिथून काढता येत नाही.

मग पाणी, आणि तेही बोटाने नुसतं पुसल्याइतकं. भिजवलं तर कड फुगून दोन्ही बाजूंना बाहेर पसरते आणि मग परत कापावं लागतं. ओलसर कडेवर जाड कॅनव्हास किंवा जीन्सचा तुकडा घेऊन भराभर घासा, कड गरम झालेली हाताला कळेल आणि रंग गडद होत जाईल. त्यानंतर टोकोनोले (कडेला लावायची तयार पेस्ट) किंवा पाण्यात कालवलेली सीएमसी पावडर (पाण्यात डिंकासारखी होते), पातळ थर, अर्धवट सुकू द्या आणि लाकडी स्लिकरच्या, म्हणजे खाचा असलेल्या घासायच्या दांड्याच्या, खाचेत कड बसवून घासा. जोर लावायची गरज नाही, वेग हवा, जोर लावला तर पातळ कड वाकते. सुकलं की ८०० नंबरचा कागद हलका, परत टोकोनोले, परत लाकूड. पाकिटाला दोन-तीन फेऱ्या पुरतात, म्हशीच्या बेल्टला चार लागू शकतात. बोट फिरवल्यावर कुठेही अडकत नाही आणि थर वेगळे ओळखू येत नाहीत तिथे थांबा. ड्रिलला लावायचे बर्निशर मिळतात, बेल्टला वेळ वाचतो पण वेग कमी ठेवा, जास्त वेगात कड जळून काळी होते.

शेवटी मेण. मधमाशीचं मेण कडेवर घासा, मग क्रीझर (कडेलगत रेष दाबायचं धातूचं हत्यार) किंवा जुना चमचा थोडा गरम करून कडेवरून फिरवा म्हणजे मेण आत उतरतं, आणि सुती कापडाने पुसून चमकवा. क्रीझर असेलच तर तोच गरम करून कडेलगत वरच्या बाजूला एक बारीक रेष ओढा, पाकिटाचं रूपच बदलतं. तेलकट किंवा आधीच मेण भरलेलं पुल-अप लेदर असेल तर पाणी आत जाणार नाही, तिथे पाण्याची पायरी सोडून थेट मेण आणि घासणं.

क्रोमची कड

इथे मेणाला हात लावू नका. कडेवर मेण किंवा तेल असलं की पेंट सुटा होऊन पापुद्र्याने निघतो. कापणं आणि चिकटवणं तेच, मग २४० नंबरने सपाट करा, तंतू फुललेले दिसतील, त्यावर बेस कोट किंवा पेंटचाच पहिला पातळ थर द्या. सुकल्यावर ते तंतू कडक होऊन उभे राहतात, तेव्हा ४०० ने घासले की निघून जातात. पहिला थर फक्त यासाठीच असतो, तो खराब दिसला म्हणून घाबरू नका. मग आरीच्या बाजूने किंवा रोलरने पेंटचा थेंब कडेवर ओढत न्या, थेंब स्वतःहून पसरून गोल होतो, ब्रशने रेघा पडतात. सुकवा, ६०० ने हलकं घासा, परत थर. असे तीन-चार पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी टिकतात, कारण जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि वाकवल्यावर तडकतो. हे पेंट बहुतेक पाण्याचे असतात, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईत, कोकणात सुकायला खूपच जास्त वेळ घेतात, पंख्याखाली ठेवा पण घाईने दुसरा थर देऊ नका. गरम क्रीझर थरांमधे हलका फिरवला तर पेंट घट्ट बसतो, मात्र आधी तुकड्यावर तापमान बघून घ्या, थोडं जास्त झालं की पेंट खेचला जातो.

दुसरा मार्ग फोल्डिंग. कडेची १० मिमीची पट्टी मागच्या बाजूने तासून ०.५ मिमीच्या आसपास आणायची, गोंद लावायचा, दुमडायची आणि ठोकायची. मग कापलेली कड बाहेर दिसतच नाही. सरळ बाजू सोपी असते, सगळं कसब गोल कोपऱ्यात, तिथे आरीच्या टोकाने बारीक बारीक चुण्या एका मध्यबिंदूकडे ओढत बसवायच्या आणि प्रत्येक चुणी सारख्या रुंदीची ठेवायची. मऊ क्रोमच्या लेडीज पर्सला मला तरी पेंटपेक्षा हेच जास्त आवडतं, कारण दुमडलेल्या कडेला तडकायला काही नसतं.

वापरात व्हेज टॅनची कड दोन-तीन वर्षांनी कोपऱ्यांवर फुलते. तेवढाच भाग ६०० ने घासा, थोडं टोकोनोले, लाकूड, मेण, पाच मिनिटांचं काम आहे. पेंटची कड तडकली असेल तर मात्र वरून नवीन थर देऊ नका, सुटलेला सगळा भाग पूर्ण खरवडून काढा आणि बेस कोटपासून परत सुरू करा, नाहीतर नवा थर जुन्याबरोबरच निघून येतो.